ठेव, चलन आणि राज्यसत्ता
(जपान व एल साल्वादोर यांच्या कूटचलनविषयक कायद्यांचा तुलनात्मक विचार)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी या विद्यालयात दोन पिढ्यांना अंकगणित आणि जमाखर्च शिकविला. हैदराबादसारख्या बहुभाषिक नगरात मराठी माध्यमाची शाळा टिकवून धरणाऱ्या शिक्षकांपैकी ते एक होते. त्यांच्या नावाने बोलण्याची संधी संस्थेने मला दिली, याबद्दल मी कृतज्ञ आहे. माझे आयुष्य बँकेच्या नोकरीत गेले. तेव्हा पैशाशी संबंधित विषय मी निवडावा अशी चालकांची अपेक्षा होती, आणि ती मला मान्य आहे.

विषय थोडा नवा वाटेल. बिटकॉइन हे नाव आज आठवीतल्या मुलालाही ठाऊक असते. कोणाचा तरी भाचा त्यात श्रीमंत झाला आणि कोणाचा तरी शेजारी बुडाला, अशा कथा घरोघरी ऐकू येतात. आज मी त्या कथा सांगणार नाही. एक नवी वस्तू बाजारात आली असता दोन अगदी भिन्न प्रकृतीच्या देशांनी तिच्याविषयी कायदे कसे केले आणि त्या कायद्यांचे पुढे काय झाले, एवढेच मांडण्याचा माझा विचार आहे. हे देश म्हणजे जपान आणि एल साल्वादोर. पहिला सुमारे बारा कोटी लोकवस्तीचा, जगातील अग्रगण्य उद्योगप्रधान देश. दुसरा मध्य अमेरिकेतील, साठ लाखांहून थोड्या अधिक वस्तीचा आणि जेमतेम एकवीस हजार चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. सातोशी नाकामोतो या नावाने एका अज्ञात व्यक्तीने अथवा गटाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी एक छोटा निबंध प्रसृत केला आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्यानुसार पहिली नोंद केली. कल्पना थोडक्यात अशी : आपल्या व्यवहारांची खातेवही बँकेजवळ असते आणि बँकेवर आपला विश्वास असतो. त्याऐवजी ही खातेवही जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवावी, प्रत्येक नवी नोंद सर्वांनी तपासावी आणि एकदा झालेली नोंद कोणालाही खोडता येऊ नये. अशा नोंदींत जे एकक मोजले जाते ते बिटकॉइन. त्यांची एकूण संख्या दोन कोटी दहा लाखांपलीकडे जाणार नाही असे बंधन मूळ आज्ञावलीतच आहे. ते खर्च करण्याचा अधिकार एका गुप्त किल्लीवर अवलंबून असतो. किल्ली म्हणजे एक अतिशय लांब संख्या. ती ज्याच्या हाती, त्याच्या हाती धन. ती हरवली तर धन हरवले. ती चोरली गेली तर दाद मागण्यासाठी कोणतीही शाखा नाही की शाखाधिकारी नाही.

मराठीत याला आपण कूटचलन म्हणू लागलो आहोत. शब्द अर्थपूर्ण आहे. संस्कृतात 'कूट' म्हणजे गूढ आणि 'कूट' म्हणजे खोटेही. स्मृतिग्रंथांत 'कूट' हा शब्द बनावट नाण्याच्या संदर्भातही येतो. या वस्तूला गूढ म्हणावे की खोटी म्हणावे, याविषयी अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. मला त्या वादात आज पडायचे नाही. राज्यसत्तेपुढे मात्र एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो : कायद्याने बंधन घालायचे ते कोणावर? जो ही वस्तू दुसऱ्यासाठी सांभाळतो त्याच्यावर, की जो बाजारात बसून माल विकतो त्याच्यावर? या प्रश्नाला जपानने एक उत्तर दिले आणि एल साल्वादोरने दुसरे.

जपानपासून आरंभ करू. जपानचा कायदा एका मोठ्या दिवाळखोरीतून जन्मला. टोकियोमध्ये माऊंट गॉक्स नावाचे एक विनिमयगृह होते. विनिमयगृह म्हणजे जेथे लोक येन किंवा डॉलर देऊन बिटकॉइन घेतात आणि बहुधा तेथेच ठेवून देतात. एके काळी जगातील बिटकॉइनच्या उलाढालीचा फार मोठा हिस्सा या एका कंपनीतून होत असे. २८ फेब्रुवारी २०१४ रोजी तिने न्यायालयाकडे संरक्षणासाठी अर्ज केला. सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झाले असल्याचे तिने सांगितले. त्यांतले साडेसात लाख ग्राहकांचे होते. पुढच्याच महिन्यात दोन लाख एका जुन्या खात्यात सापडले. बाकीचे गेले ते गेलेच.

यानंतर जे घडले ते कायद्याच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहण्यासारखे आहे. एका ग्राहकाने न्यायालयात मागणी केली की, माझे बिटकॉइन हे माझ्या मालकीचे आहेत, ते कंपनीच्या मालमत्तेतून वेगळे काढून मला द्यावेत. टोकियो जिल्हा न्यायालयाने ५ ऑगस्ट २०१५ रोजी ती फेटाळली. जपानच्या नागरी कायद्यानुसार मालकी हक्क मूर्त वस्तूवरच असू शकतो आणि बिटकॉइन मूर्त नाही, हे कारण. म्हणजे ज्याने धन ठेवले तो मालक राहिला नाही, इतर देणेकऱ्यांच्या रांगेतला एक धनको झाला. दिवाळखोरीच्या नियमाप्रमाणे त्याचे येणे २०१४ सालच्या भावाने येनमध्ये ठरविले गेले. पुढे भाव इतके चढले की, कंपनीजवळ शिल्लक राहिलेल्या बिटकॉइनची किंमत सगळ्या देण्यांहून अधिक झाली आणि उरलेली रक्कम भागधारकांच्या पदरी पडण्याची वेळ आली! धनकोंनी पुन्हा न्यायालयात धाव घेतली. २०१८ मध्ये दिवाळखोरीची कारवाई थांबवून प्रकरण पुनर्वसनाच्या कार्यपद्धतीत नेण्यात आले आणि बिटकॉइनच्या रूपात परतफेडीला जुलै २०२४ मध्ये प्रारंभ झाला. दहा वर्षे लोक थांबले.

या प्रकरणानंतर जपानने बंदी घातली असती तर कोणी आश्चर्य केले नसते. पण जपानच्या संसदेने मे २०१६ मध्ये देयकसेवांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि ती १ एप्रिल २०१७ पासून अमलात आली. या दुरुस्तीने बिटकॉइनला चलनाचा दर्जा दिला नाही. अनोळखी व्यक्तींनाही देता येण्याजोगे, इलेक्ट्रॉनिक रीतीने नोंदलेले आणि हस्तांतरित होणारे मूल्य, अशी तिची व्याख्या केली. दुकानदाराने ते घ्यावे की नाही हे त्याच्या मर्जीवर सोडले. टोकियोतील एका मोठ्या विद्युत्-उपकरणांच्या दुकानसाखळीने त्याच महिन्यात ते स्वीकारण्यास आरंभ केला, पण तो तिचा स्वतःचा व्यापारी निर्णय होता.

बंधन पडले ते विनिमयगृहांवर. प्रत्येकाने वित्तीय सेवा अभिकरणाकडे नोंदणी करावी, किमान एक कोटी येन भांडवल असावे, ग्राहकांचे धन स्वतःच्या धनाहून निराळे ठेवावे, दरसाल लेखापरीक्षण करून घ्यावे आणि ग्राहकाची ओळख पटवून घ्यावी, असे नियम झाले. सप्टेंबर २०१७ च्या अखेरीस पहिल्या अकरा संस्थांची नोंदणी झाली. जे आधीपासून धंदा करीत होते त्यांना अर्जाचा निकाल लागेपर्यंत धंदा चालू ठेवण्याची मुभा होती.

याच मुभेतून दुसरे संकट आले. कॉइनचेक या कंपनीचा अर्ज विचाराधीन होता. २६ जानेवारी २०१८ रोजी तिच्याकडून सुमारे ५,८०० कोटी येन किमतीची 'नेम' नावाची नाणी चोरीस गेली. दोन लाख साठ हजार ग्राहकांचे धन त्यांत होते. कारण साधे होते. ज्या संगणकाला इंटरनेट जोडलेले आहे अशा ठिकाणीच या सर्व नाण्यांच्या किल्ल्या ठेवल्या होत्या. दुकानाच्या गल्ल्यात रोजच्या सुट्या पैशांऐवजी सारी तिजोरी ओतून ठेवावी, तसा हा प्रकार. कंपनीने मार्च २०१८ मध्ये ग्राहकांना येनमध्ये सुमारे ४,६६० कोटींची भरपाई दिली.

सरकारने यावर जो उपाय योजला तो मला या साऱ्या विषयातील सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो. विनिमयगृहांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी झाली. अनेकांना सुधारणेचे आदेश निघाले, काहींनी अर्ज मागे घेतले. व्यवसायातील नोंदणीकृत संस्थांनी आपली संघटना स्थापन केली. तिला ऑक्टोबर २०१८ मध्ये स्वयंनियमनाचा अधिकार मिळाला. २०१९ च्या दुरुस्तीने, जी १ मे २०२० पासून लागू झाली, कायद्यातील 'आभासी चलन' हा शब्दच काढून टाकला आणि 'कूट-मत्ता' अशा अर्थाचा शब्द घातला. नावात चलन असले की लोक त्याला चलन समजतात, हे ओळखूनच हा बदल झाला. ग्राहकांच्या धनापैकी किमान ९५ टक्के भागाच्या किल्ल्या इंटरनेटपासून तोडलेल्या साधनांत ठेवाव्यात, असा दंडक आला. उरलेले पाच टक्के रोजच्या देवघेवीसाठी जोडलेल्या ठिकाणी ठेवले तर तितकीच, त्याच जातीची नाणी कंपनीने स्वतःच्या धनातून वेगळी राखून ठेवावीत, असेही ठरले. म्हणजे गल्ला लुटला गेला तर नुकसान दुकानदाराचे, ठेवीदाराचे नव्हे.

येथे मला आपल्या जुन्या धर्मशास्त्राची आठवण होते. याज्ञवल्क्यस्मृतीत उपनिधीचे स्वतंत्र प्रकरण आहे. दुसऱ्याने विश्वासाने ठेवावयास दिलेली वस्तू राजाने नेली, दैवाने गेली किंवा चोराने पळविली तर ठेव सांभाळणाऱ्याला ती भरून द्यावी लागत नाही, असे तेथे म्हटले आहे. मात्र मागूनही दिली नाही, किंवा ती स्वतःच्या मर्जीने वापरून त्यावर आपला निर्वाह केला, तर दंडही आहे आणि लाभासह परतफेडही. स्मृतिकाराने चोरी क्षम्य मानली, वापर अक्षम्य मानला. जपानी कायदा वापराला तर माफी देत नाहीच, पण जोडलेल्या पाच टक्क्यांपुरती चोरीलाही देत नाही. कारण ओळखीचा गृहस्थ ठेव फुकट सांभाळतो ही स्मृतीतील परिस्थिती आणि हजारो अनोळखी लोकांचे धन नफ्यासाठी सांभाळणारी कंपनी ही आजची परिस्थिती यांत फरक आहे.

या नियमांची परीक्षा नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली. एफटीएक्स हे जगातील एक अतिबलाढ्य विनिमयगृह कोसळले. ग्राहकांचे धन त्याच्या चालकांनी आपल्या दुसऱ्या कंपनीच्या सट्ट्यासाठी वापरले होते. नेमका स्मृतीतला दुसरा, अक्षम्य अपराध. मुख्य कंपनी ११ नोव्हेंबरला दिवाळखोरीत गेली. तिच्या जपानी शाखेवर जपानच्या नियामकांनी आदल्याच दिवशी स्थगितीचा आदेश काढून धन देशाबाहेर जाऊ दिले नाही. ग्राहकांचे धन वेगळे ठेवलेले असल्यामुळे २१ फेब्रुवारी २०२३ पासून जपानी ग्राहकांना ते परत घेता येऊ लागले. इतर देशांतील ग्राहक तेव्हा अर्जांचे नमुने भरीत होते.

कायद्यामुळे चोरी थांबली असे मात्र मी म्हणणार नाही. मे २०२४ मध्ये डीएमएम बिटकॉइन या नोंदणीकृत कंपनीतून सुमारे ४,८२० कोटी येन किमतीचे बिटकॉइन गेले. समूहातील कंपन्यांच्या आधाराने ग्राहकांची भरपाई झाली आणि कंपनीने पुढे धंदा बंद करून खाती दुसऱ्या संस्थेकडे सोपविली. या व्यवस्थेची किंमतही आहे. नवे नाणे बाजारात येण्यास तेथे फार काळ लागे, नफ्यावर कर स्थानिक करासह ५५ टक्क्यांपर्यंत पोचत असे, आणि अनेक तरुण उद्योजक सिंगापूरची वाट धरीत अशी तक्रार वर्षानुवर्षे होत राहिली. सावधपणा फुकट मिळत नाही.

आता एल साल्वादोरकडे वळू. हा देश समजून घेताना उपहासाचा सूर टाळला पाहिजे, कारण त्याच्या अडचणी खऱ्या होत्या. १ जानेवारी २००१ पासून तेथे अमेरिकन डॉलर चालतो. कोलोन हे स्वतःचे चलन व्यवहारातून गेले. चलनवाढ आटोक्यात आली, पण स्वतःचे चलन छापण्याचा अधिकार संपला. लाखो नागरिक अमेरिकेत कष्ट करतात आणि घरी पैसे पाठवितात. राष्ट्रीय उत्पन्नाच्या पंचमांशाहून अधिक रक्कम अशी बाहेरून येते. पैसे पाठविण्याचे शुल्क या गरीब लोकांच्या खिशातून जाते. बहुसंख्य लोकांचे तेव्हा बँकेत खाते नव्हते. हे शुल्क वाचावे, खाते नसलेल्यांना खाते मिळावे आणि परदेशी भांडवल यावे, हे उद्देश कोणीही नाकारणार नाही.

राष्ट्राध्यक्ष नायीब बुकेले यांनी ५ जून २०२१ रोजी अमेरिकेतील मायामी येथे भरलेल्या बिटकॉइन परिषदेत ध्वनिचित्रफितीद्वारे आपला मनोदय जाहीर केला, तोही इंग्रजीत. अवघ्या तीन-चार दिवसांत विधिमंडळाने ८४ पैकी ६२ मतांनी विधेयक संमत केले. त्यात केवळ सोळा कलमे होती. ७ सप्टेंबर २०२१ पासून बिटकॉइन हे त्या देशाचे डॉलरच्या बरोबरीचे वैधानिक चलन झाले. असे करणारा तो जगातील पहिला देश.

वैधानिक चलन म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांसाठी सांगतो. ऋणकोने जे पुढे केले असता धनकोला नाकारता येत नाही, ते वैधानिक चलन. या कायद्याचे सातवे कलम याहूनही पुढे गेले. माल अथवा सेवा घेणाऱ्याने बिटकॉइन देऊ केल्यास प्रत्येक आर्थिक घटकाने ते स्वीकारलेच पाहिजे, अशी त्यात आज्ञा होती. तंत्रज्ञान ज्यांच्यापर्यंत पोचलेले नाही अशांना बाराव्या कलमात सूट होती. करही बिटकॉइनमध्ये भरता येणार होता. आलेले बिटकॉइन लगेच डॉलरमध्ये बदलून मिळावेत म्हणून सरकारने पंधरा कोटी डॉलरचा न्यासनिधी ठेवला. 'चिवो' नावाचे सरकारी डिजिटल पाकीट काढले. ते घेणाऱ्या प्रत्येक नागरिकाला तीस डॉलरचे बिटकॉइन भेट मिळाले.

आता पाहा, आज्ञा कोणाला झाली? भाजी विकणारीला, केशकर्तनालयाच्या मालकाला, रस्त्यावर पुपुसा भाजणाऱ्या बाईला. ज्या कंपनीकडे धन राहणार तिच्याविषयी त्या सोळा कलमांत फारसे काही नव्हते. पहिल्याच दिवशी चिवो काही तास बंद पडले आणि बिटकॉइनचा भाव एका दिवसात दहा टक्क्यांहून अधिक घसरला. पुढील आठवड्यांत अनेकांनी तक्रार केली की, आमच्या ओळखपत्राच्या क्रमांकावर दुसऱ्याच कोणी खाते उघडून तीस डॉलर काढून घेतले. १५ सप्टेंबरला, स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या दिवशी, राजधानीत मोठा मोर्चा निघाला आणि चिवोची एक टपरी जाळण्यात आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनचा भाव ६९ हजार डॉलरच्या आसपास पोचला होता, तो वर्षभरात १६ हजारांच्या खाली आला.

लोकांनी काय केले? अर्थशास्त्रज्ञांनी १,८०० कुटुंबांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पाकीट घेणाऱ्या बहुतेकांनी तीस डॉलर खर्च केले आणि पुन्हा ते उघडले नाही, असे त्यात दिसले. लोकांना रोकड बरी वाटत होती आणि नव्या व्यवस्थेवर त्यांचा भरवसा नव्हता. ज्या परदेशी रकमांसाठी एवढा खटाटोप केला, त्यांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी रकमा २०२२ मध्ये कूटचलनाच्या पाकिटांतून आल्या.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जानेवारी २०२२ मध्येच हा दर्जा काढण्याचा सल्ला दिला होता. सरकारने तो तेव्हा मानला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये १४० कोटी डॉलरच्या कर्जाचा करार झाला आणि त्याच्या अटी म्हणून २९ जानेवारी २०२५ रोजी विधिमंडळाने कायदा बदलला. बिटकॉइन स्वीकारणे ऐच्छिक झाले, कर फक्त डॉलरमध्ये भरावयाचा असे ठरले आणि चिवोमधून सरकारने हळूहळू अंग काढून घेण्याचे मान्य केले. कायदा ज्या वेगाने झाला, साधारण त्याच वेगाने मागे घेतला गेला. एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे : २०२३ च्या जानेवारीत त्याच देशाने डिजिटल मत्तांच्या विक्रीसाठी स्वतंत्र कायदा करून परवाने देणारा आयोगही स्थापन केला. म्हणजे जपानच्या वाटेचा काही भाग एल साल्वादोरनेही धरला, पण सक्ती आधी आली आणि देखरेख नंतर.

या दोन कथा शेजारी ठेवल्या की भेद स्पष्ट होतात. जपानचा कायदा नुकसान भोगल्यावर, दोन वर्षांच्या विचाराने झाला आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी अनुभव पाहून दुरुस्त होत गेला. एल साल्वादोरचा कायदा आश्वासनावर, काही दिवसांत झाला. जपानने सांभाळणाऱ्याला बांधले आणि घेणाऱ्याला मोकळे ठेवले. एल साल्वादोरने घेणाऱ्याला बांधले. जपानमध्ये भाव पडला तर ज्याने स्वेच्छेने जोखीम घेतली त्याचे नुकसान, एल साल्वादोरमध्ये न्यासनिधीमार्फत ती जोखीम सार्वजनिक तिजोरीवरही आली.

यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. जपानजवळ स्वतःचे स्थिर चलन आहे, घरोघरी बँकखाती आहेत, तज्ज्ञ नियामकांची फौज आहे. ज्याचे पोट भरलेले आहे त्याला सावधपणा परवडतो. दरिद्री देशाने धाडस केले तर त्याला हसू नये. हे मला पटते. परंतु धाडस करणाऱ्याने जोखीम कोणाच्या माथी घातली, हा प्रश्न उरतोच. परदेशातून येणाऱ्या रकमांवरचे शुल्क कमी करण्यासाठी तेथे कोणालाही सक्ती करण्याची गरज नव्हती. सोय असती तर लोकांनी ती आपण होऊन घेतली असती.

दोन चलने एकत्र नांदत नाहीत असे मात्र कोणी समजू नये. आपल्या हैदराबादेतच ती नांदली आहेत. निजामी राज्यातील हाली सिक्का आणि ब्रिटिशांचा कलदार हे दोन रुपये आपल्या आजोबांच्या कनवटीला एकत्र होते. मराठवाड्याच्या आणि इथल्या जुन्या घरांतील वह्यांत हाली आणि कलदार असे दोन वेगळे रकाने अजून पाहायला मिळतात. साधारण सात हालीला सहा कलदार हा हिशेब निरक्षर बाईलाही तोंडपाठ असे. हे शक्य झाले, कारण दर ठरलेला होता आणि त्यामागे राज्याचा खजिना होता. सकाळी सात आणि संध्याकाळी नऊ असा दर असता, तर आठवडी बाजार एक दिवसही भरला नसता. लोकांना दोन नाण्यांची अडचण नसते, मोजमापाच्या चंचलतेची असते.

आपल्या देशाविषयी थोडे बोलून संपवितो. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी परिपत्रक काढून बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते रद्द केले. असे निर्बंध घालण्याचा बँकेचा अधिकार न्यायालयाने मान्य केला, पण उपाय प्रमाणाबाहेर आहे असे ठरविले. २०२२ च्या वित्त कायद्याने या मत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि हस्तांतरावर एक टक्का करकपात आणली. मार्च २०२३ मध्ये विनिमयगृहांना काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखाली आणले. म्हणजे कर घेण्याची आणि गुन्हा शोधण्याची व्यवस्था झाली. ठेव वेगळी ठेवा, किल्ल्या तोडून ठेवा, चोरी झाल्यास आपल्या धनातून भरा, असे सांगणारी जपानसारखी व्यवस्था मात्र कर आला तेव्हा त्याच्याबरोबर आली नाही. जुलै २०२४ मध्ये एका मोठ्या भारतीय विनिमयगृहातून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची नाणी चोरीस गेली, तेव्हा लाखो ग्राहकांना वर्षाहून अधिक काळ थांबावे लागले आणि त्यांच्या येण्याचा निकाल सिंगापूरच्या न्यायालयातून लागला. त्यांत आपल्या ओळखीची तरुण मुलेही असतील. राज्य एखाद्या व्यवहारावर कर घेते, तेव्हा लोक त्याला राज्याची संमती समजतात. या समजुतीची काही जबाबदारी राज्याने घेतली पाहिजे, असे माझे मत आहे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या वकील व्हाल, काही हिशेबनीस, काही कदाचित कायदे करणाऱ्या सभागृहातही बसाल. नवी वस्तू येतच राहील. तिचे नाव काय आणि भाव काय याच्या आधी तीन प्रश्न विचारा : माझे धन कोणाच्या हाती आहे? ते त्याच्या धनाहून वेगळे आहे काय? आणि बुडाले तर कोणाचे बुडणार? जमाखर्चाच्या पहिल्या धड्यात डाव्या बाजूला काय आणि उजव्या बाजूला काय हे शिकविले जाते, ते याचसाठी. ज्या कायद्यात या तीन प्रश्नांची उत्तरे सापडतात तो कायदा छोट्या देशाचा असो की मोठ्या, लोकांच्या कामी येतो.